देशाचा जन्मदर घटतोय, मग आपण जास्त मुलं होऊ द्यायला हवीत का?

तुम्ही लिहिलंय की एक मुलगी आहे आणि घरचे म्हणतायत देशात पोरं कमी होतायत, गावच्या शाळा ओस पडतायत, दुसरं होऊ द्या. शाळा ओस म्हटलं की माझं डोकं फिरतं, का ते सांगते.

मी देवगड तालुक्यातली. वाडीतल्या प्राथमिक शाळेत चौदा वर्षं खिचडी शिजवली. माणशी १०० ग्रॅम तांदूळ असा हिशोब असतो, त्यामुळे पट किती घसरला ते गुरुजींच्या आधी माझ्या टोपाला कळायचं. सुरुवातीला तीन किलो लागायचे, शेवटच्या वर्षी ४०० ग्रॅम, म्हणजे चार पोरं. एवढ्याशा भाताला मोठा टोप काय चढवायचा, मी घरचंच पातेलं न्यायला लागले. मग शाळेला कुलूप लागलं आणि ती चार पोरं आता रिक्षाने पुढच्या गावात जातात.

त्या वर्षी गणपतीला मुंबईचे चुलत दीर आलेले. पडवीत पत्ते रंगलेले आणि हे सगळ्यांसमोर मला म्हणतात, "वहिनी, तुमच्यासारखे सगळे एका चेडवावर थांबले, म्हणून शाळा बंद पडली." मुलगी झाल्यावर मी ऑपरेशन करून घेतलं हे त्यांनी पंधरा वर्षं पोटात ठेवलेलं. मी काही बोलले नाही, आत गेले आणि फोटो घेऊन आले. चौथीच्या वर्गाचा, १९८८ सालचा, शाळा रिकामी करताना गुरुजींनी माझ्याकडे दिलेला. एकोणीस पोरं. एकेकावर बोट ठेवत गेले, हा डोंबिवली, ही दिवा, हा बोटीवर, हा गोव्यात कंपनीत, ही लग्न होऊन विरारला... वाडीत उरलेले दोन, त्यातला एक माझा नवरा. आणि मागच्या रांगेत मोठ्या कानांचा तो कोण, तर स्वतः भावजी, मुक्काम नालासोपारा, दोन मुलगे, दोन्ही तिकडेच इंग्लिश मीडियमला. म्हटलं भावजी, तुमचे दोघे धरून ह्या सगळ्यांची मिळून तीसेक पोरं तरी असतील, ती ह्या शाळेत का नव्हती तेवढं सांगा. भावजी म्हणाले आरतीची वेळ झाली.

जनगणना काढून बघा. २००१ ते २०११ मध्ये देशाची लोकसंख्या १७ टक्क्यांहून जास्त वाढली आणि त्याच दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची चक्क कमी झाली. रत्नागिरीत २०११ ला हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, बाप्ये कुठे गेले ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. आमची गावं पाळणे हलायचे थांबले म्हणून ओस पडली नाहीत, पाळण्यातली पोरं मोठी होऊन गाडीत बसली म्हणून पडली.

आता तुमचा प्रश्न. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात बाईमागे सरासरी ३.४ मुलं होती, २०१९-२१ ला २.० वर आली, महाराष्ट्रात तर १.७. लोकसंख्या टिकायला २.१ लागतात हे खरं, पण आज मूल होण्याच्या वयाच्या बायाच इतक्या आहेत की एकूण आकडा अजून काही दशकं वाढतच राहणार, तेव्हा तुमच्या घरच्यांनी एवढी घाई करू नये. आणि आकडा कमी का झाला ते कोणीच विचारत नाही. १९७१ साली जन्मलेल्या हजारातली १२९ बाळं वर्षाच्या आत जायची, २०२० ला २८. पोरं जगायला लागल्यावर अकरा कशाला काढेल कोणी? माझ्या आजेसासूने अकरा बाळंतपणं काढली, उरली पाच. मी ऑपरेशन केलं तेव्हा घरात सगळे फुगून बसलेले, ती एकटीच म्हणाली, "बरा केलंस गो, माका कोणी इचारल्यान?" दापोलीजवळच्या मुरुडचे र. धों. कर्वे १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होते, पण आमच्या वाडीपर्यंत ते पोचायला तिच्या अकरांचा काळ उलटून गेला.

हां, म्हातारी माणसं वाढणार हे मला मान्य आहे, आमच्याकडे आत्ताच खांदा द्यायला चार जण जमवताना फोन फिरवावे लागतात. पण दक्षिण कोरियात जास्त पोरं व्हावीत म्हणून सरकारने एवढे पैसे ओतले तरी २०२३ ला बाईमागे मुलांचा आकडा ०.७२ वर आला, त्यामुळे नुसतं सांगून बायका ऐकतील असं वाटत नाही. आणि तुम्हाला दोघांना खरंच दुसरं हवं असेल तर होऊ द्या की, मी कोण नको म्हणणारी. फक्त शाळेसाठी होऊ द्या म्हणणाऱ्याला आधी विचारा, तुमची पोरं कुठल्या शाळेत गेली.

तो फोटो मी माजघरात लावलाय, दारातून आत येताना समोरच दिसेल असा. यंदा भावजी सहकुटुंब पाच दिवस यायचे आहेत.