सुरुवात लिंबाच्या नव्हे, गोड संत्र्याच्या तेलाने करा

मालिशसाठी किंवा घरात सुगंधासाठी इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतीचं तीव्र सुगंधी तेल, पहिल्यांदाच वापरणार असाल तर हे वाचा. लिंबाचं आणि संत्र्याचं, दोन्ही तेलं सहसा सालीतून दाबून काढतात. पण असं लिंबाचं तेल अंगावर असताना ऊन लागलं, तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात आणि नाशिकचं एप्रिल-मेचं ऊन तर कडकच. गोड संत्र्याला हा धोका नाही.

कॉलेज रोडवर घ्या नाहीतर मेन रोडवर, लेबलवर ‘सिट्रस सायनेन्सिस’ हे गोड संत्र्याचं शास्त्रीय नाव हवं. नुसतं ‘ऑरेंज फ्रेग्रन्स’ असेल तर ठेवून द्या.

मालिशसाठी 30 मिली तीळ किंवा बदाम तेलात 6 थेंब, म्हणजे साधारण 1 टक्का. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 तास थांबा. डिफ्युझरमध्ये, म्हणजे खोलीत सुगंध पसरवणाऱ्या यंत्रात, 100 मिली पाण्याला 3-4 थेंब, अर्धा तास, खिडकी किलकिली. घरात मांजर असेल तर नकोच. दमलेल्या संध्याकाळी मन खरंच हलकं होतं, पण चालू औषधाच्या जागी हे तेल धरू नका. आंघोळीच्या बादलीतही थेट टाकू नका. ते पाण्यात न मिसळता तरंगतं, आणि कातडीला तसंच्या तसं लागून आग होते.

सगळ्यात जास्त चुकतं ते साठवणीत. यातलं लिमोनिन हे मुख्य द्रव्य हवेने बिघडतं, आणि तेच मग पुरळ आणतं. म्हणून गडद काचेची 10 मिलीचीच बाटली, घट्ट झाकण, फ्रिजमध्ये. उघडल्यावर वर्षात संपवा. ताज्या सालीऐवजी टर्पेंटाइनसारखा वास यायला लागला, की अंगाला लावणं बंद.