सॉफ्टवेअर डेव्हलपर्ससमोर गेम डेव्हलपमेंटची ओळख करून देणारं सेशन घ्यायचंय. काय सांगावं, कुठून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात पाऊण तासाचं सेशन आहे, समोर जावा, पायथन, रिअ‍ॅक्टवर काम करणारी मंडळी असतील, गेम त्यांच्यापैकी कुणीच बनवलेला नाही, आणि इतिहास, इंजिनं (गेम बनवायची तयार सॉफ्टवेअरं), करिअर यांतलं नेमकं काय घ्यावं ते ठरत नाहीये. मला विचाराल तर हे तिन्ही मिळून पाच मिनिटांत उरका. समोरच्यांना प्रोग्रॅमिंग येतं, हेच तुमचं भांडवल. त्यांच्या रोजच्या सवयी गेममध्ये नेमक्या कुठे मोडतात तेवढं दाखवा, आणि स्लाइडवर न दाखवता चालत्या कोडमध्ये दाखवा.

युनिटी हे इंजिन उघडायचा मोह होईल, टाळा. कुठली खिडकी कशासाठी हे सांगण्यातच वेळ जातो आणि कोड दिसतो दोन ओळींचा. त्यापेक्षा ब्राउझरमध्ये कॅनव्हासवर (पानातली चित्र काढायची जागा) पाँग लिहा: एक चेंडू, दोन पट्ट्या, शंभरेक ओळी जावास्क्रिप्ट. अटारीने १९७२ साली आणलेल्या मूळ पाँगमध्ये प्रोसेसरच नव्हता, सगळा खेळ सर्किटमध्ये जोडलेला होता. एवढं जाता जाता सांगितलंत की इतिहासाचा कोटा संपला.

पहिल्यांदा लूप दाखवा. बॅकएंडवाल्यांचा कोड रिक्वेस्ट आली की जागा होतो, उत्तर देतो आणि पुन्हा वाट बघत बसतो. गेमचा कोड कुणाची वाट बघत नाही. इनपुट वाच, जग थोडं पुढे ढकल, चित्र काढ, पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) हव्या असतील तर एका फेरीला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, त्यात सगळं आलं. एपीआय कधीतरी ५० मिलिसेकंद उशिरा आली तर कुणी बघतही नाही; इथे तेवढ्यात तीन फ्रेम गेल्या आणि खेळणाऱ्याला झटका बसला. म्हणून गेमवाले खेळ चालू असताना मेमरी मागायला कचरतात (वापरून झालेली मेमरी आवरणारा गार्बेज कलेक्टर कधी मध्ये येईल त्याचा नेम नसतो) आणि गोळ्या, ठिणग्या आधीच बनवून त्याच पुन्हा पुन्हा वापरतात. कनेक्शन पूल माहीत असलेल्यांना ऑब्जेक्ट पूल वेगळा समजवावा लागत नाही.

यानंतरचा भाग खरा मजेचा, इथे हात आखडू नका. चेंडूची जागा मुद्दाम ‘दर फ्रेमला ५ पिक्सेल’ अशी लिहा, पानाचा क्यूआर कोड पडद्यावर टाका आणि सगळ्यांना आपापल्या फोनवर उघडू द्या. पुढची फ्रेम काढायला सांगणारं रिक्वेस्टअ‍ॅनिमेशनफ्रेम हे फंक्शन ब्राउझर साधारणपणे स्क्रीनच्या रिफ्रेश रेटप्रमाणे बोलावतो. त्यामुळे कोड एकच, पण कुणाच्या ६० हर्ट्झवर चेंडू रमतगमत जाईल आणि शेजारच्याच्या १२० हर्ट्झवर दुप्पट वेगाने पळेल. दोघं एकमेकांच्या फोनकडे बघायला लागले की डेल्टा टाइमचं (दोन फ्रेममधल्या वेळेचं) निम्मं स्पष्टीकरण तिथेच झालं. उरलेलं तुम्ही करा: वेग ‘सेकंदाला ३०० पिक्सेल’ असा धरायचा आणि मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेने गुणायचा.

हा नवशिक्यांचाच घोळ आहे असं कुणाला वाटलं तर डार्क सोल्स २ ची गोष्ट सांगा. कन्सोलवर ३० फ्रेमला चालणारा हा गेम २०१४ मध्ये पीसीवर ६० ला आला, आणि तिथे शस्त्रं जवळपास दुप्पट वेगाने झिजायला लागली. दुरुस्ती यायला २०१५ उजाडलं. याच्या उलट बाजू स्पेस इन्व्हेडर्सची, १९७८. जितके शत्रू मरतील तितकं प्रोसेसरचं काम कमी, म्हणून उरलेले आपोआप जोरात पळायचे. तो बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच ठेवलं, आणि शेवटी शेवटी घाम फुटणं हीच त्या गेमची गंमत झाली.

डेल्टा टाइम लावून सगळे निवांत झाले की तोही मोडून दाखवा. चेंडूला सेकंदाला १२०० पिक्सेल वेग द्या. ६० फ्रेमला एका उडीत तो २० पिक्सेल जातो. पट्टी १० पिक्सेल जाड, चेंडू ६ पिक्सेलचा. म्हणजे कधी आदळेल, कधी सरळ आरपार जाईल. असा अधूनमधून येणारा बग तुमच्या श्रोत्यांच्या चांगला ओळखीचा आहे. मग दुसऱ्या टॅबवर जा, थोड्या वेळाने परत या: मधल्या काळात लूप थांबलेला असतो, त्यामुळे पहिल्याच फ्रेमचा डेल्टा भलामोठा येतो आणि चेंडू गायब होतो. आता ठरावीक पावलांचा लूप आणा. गेलेला वेळ साठवायचा आणि सारख्या मापाच्या तुकड्यांत खर्च करायचा. युनिटीत फिजिक्सचा तुकडा मुळात ०.०२ सेकंदाचा असतो, गोडो या दुसऱ्या इंजिनात सेकंदाला ६० तुकडे. आरपार जाणं याने पूर्ण थांबत नाही, पण प्रत्येक मशीनवर सारखं घडतं, आणि मग ते सोडवता येतं.

शेवटची पंधरा मिनिटं दुसऱ्या छोट्या डेमोला द्या: एक चौकोन, दोन फळ्या, मध्ये खड्डा. यात दोन बटणं ठेवा, ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’मध्ये फळीवरून पाय सुटला की उडी बंद. ‘ब’मध्ये सुटल्यावरही ०.१ सेकंद उडी चालते. फरक न सांगता कीबोर्ड कुणाच्या तरी हातात द्या. बहुतेक जण ‘अ’ला ‘कीबोर्ड खराब आहे’ म्हणतील. नियमाप्रमाणे ‘अ’ बरोबर आहे, युनिट टेस्टही तोच पास करेल. पण माणसाचा अंगठा जरा उशिराच पडतो. सेलेस्ट (२०१८) हा गेम अवघड म्हणून नावाजलेला, तरी त्यात हीच ०.१ सेकंदाची सूट आहे. बनवणाऱ्यांनी खेळाडूच्या पात्राचा कोड जाहीर केलाय, स्वतः बघता येतो. पाच हजारांहून जास्त ओळींची एकच फाइल! ती पडद्यावर स्क्रोल केलीत तर क्लीन कोडवाल्यांची दहा मिनिटं तरी चर्चा रंगेल. रंगू द्या.

मग प्रश्न येईलच: इंजिन कुठलं? टूडी आणि शिकायचंय तर गोडो, फुकट आणि ओपन सोर्स. मोबाइल गेमच्या नोकरीवर डोळा असेल तर युनिटी. थ्रीडीचा थाट हवा तर अनरिअल. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी’ त्यातच बनलाय. पगाराचं कुणी विचारलं तर चहाच्या वेळी बोलू म्हणा.

तयारीतलं एकच: लॅपटॉप १२० हर्ट्झचा असला तरी प्रोजेक्टरला मिरर मोडमध्ये जोडल्यावर तो ६० वर उतरू शकतो, मग फरक दिसणारच नाही. ‘एक्स्टेंड’ मोड ठेवा, आणि ऑफिसच्या वायफायवरून ते पान फोनवर उघडतंय का हे आदल्या दिवशी त्याच खोलीत बघून घ्या.