आकडा ९९, साठा अपुरा

प्रश्न : सिझेरियनसाठी पूर्ण भूल देताना आधी तीन मिनिटं ऑक्सिजन दिला होता, बोटावरचा आकडा ९९ होता, तरी श्वासनलिकेत नळी घालेपर्यंत तो झपाट्यानं उतरला. असं का व्हावं? (ऑपरेशन थिएटरमधील तंत्रज्ञ)

उत्तर : त्या ९९नंच फसवलं. बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन किती ते सांगतो. फुप्फुसांत बेगमी किती झाली, ते नाही. भूल चढून श्वास थांबल्यावर पेशंट तग धरते ती त्या बेगमीवर. दिवस भरत आले की गर्भाशय श्वासपटलाला खालून रेटतं, त्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसांत उरणारी हवा सुमारे २० टक्क्यांनी घटते. उताणं झोपवलं की आणखी. ऑक्सिजनचा खर्च मात्र निदान तेवढाच वाढलेला. कोठार लहान नि खाणारी तोंडं जास्त, असा मामला.

म्हणून घड्याळाकडे कमी आणि सोडलेल्या श्वासातल्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे जास्त बघा. तो ९० टक्क्यांपर्यंत जायला हवा. पंचाहत्तर-ऐंशीवरच रेंगाळला, तर बहुधा मास्क गळतोय. मास्कला जोडलेली बॅग श्वासागणिक हलत नाही, कॅप्नोग्राफची (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) रेघ खुजी येते, ही त्याचीच खूण. नाकाच्या बाजूची फट अनेकदा नजरेतून सुटते. घाबरलेल्या पेशंटनं मधेच मास्क ढकलला, तर साध्या हवेचे दोन-चार श्वासही केलेलं काम बिघडवतात. ऑक्सिजनचा प्रवाह मिनिटाला किमान १० लिटर ठेवा. घाई असेल तर एका मिनिटात आठ खोल श्वास.

टेबलाची डोक्याकडची बाजू २० ते ३० अंश वर हवी, आणि उजव्या कुल्ल्याखाली उशी, म्हणजे गर्भाशय डावीकडे कलून मोठ्या शिरेवरचा दाब हटतो. नाकातली ऑक्सिजनची नळी भूल चढल्यावरही चालू राहू द्या. पण जबडा पुढे उचललेला नसेल आणि जीभ मागे पडली असेल, तर ती शोभेचीच.

आकडा घसरू लागला की नळीचा हट्ट सोडून मास्कनं हलक्या दाबानं हवा द्यावी. दाब २० सेंटिमीटर पाण्याच्या वर नको, नाहीतर हवा पोटात जाऊन उलटी वर येण्याची भीती. बोटावरचा आकडा मुळातच मागून येतो, त्यामुळे आधीच थांबलेलं बरं.

नळी बसल्यावर उत्साहानं भराभर बॅग दाबणं ही आणखी एक चूक. रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार उतरला की गर्भाशयाचा रक्तपुरवठा आखडतो, आणि आईचा आकडा १०० दिसत असताना बाळाला कमी पडतं.