या वयात हे विचारायचं कुणाला?

"या वयात नवऱ्याजवळ जावंसं वाटणं चुकीचं आहे का हो?" पन्नाशी-साठीच्या कितीतरी बायका मला हे आडून आडून विचारतात. त्यातल्या एकींची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बाई ५८ वर्षांच्या. तक्रार झोप न लागण्याची. बोलता बोलता कळलं, नवरा वर्षभर दुसऱ्या खोलीत झोपतोय. कारण विचारलं तर चष्मा काढून पुसत राहिल्या. संबंधांच्या वेळी दुखायचं. ते नवऱ्याला न सांगता त्या नुसतं टाळत गेल्या, आणि आपण नकोसे झालो असं समजून तो बाजूला झाला.

मुलीपाशी त्यांनी विषय काढला होता. मुलगी तिशीतली, मैत्रिणींशी गर्भनिरोधकांपासून सगळं मोकळेपणाने बोलणारी. ती म्हणाली, "आई, प्लीज, हे मला नको सांगूस!" बाईंना ते फार लागलं. मुलीला मी दोष देत नाही. आपला संकोच तिनं झटकला, पण आई-वडिलांनाही इच्छा असतात हे पचवणं तिला अजून जड जातं. आणि आई कोण, तर जिला पाळीबद्दलही घरात कुणी धड सांगितलं नव्हतं! तिनं तोंड उघडलं हेच मला मोठं वाटतं.

आधी मी त्यांना शरीरात काय घडतं ते सांगितलं. पाळी बहुधा ४५ ते ५५ या वयात थांबते. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) कमी झालं की योनीमार्गाचं अस्तर पातळ, कोरडं होतं, म्हणून दुखतं. अंगातून गरम वाफा येणं बहुतेकींचं काही वर्षांत कमी होतं; ही कोरड मात्र सहसा आपोआप जात नाही. उपाय आहेत. संबंधांच्या वेळी ल्युब्रिकंट, म्हणजे घर्षण कमी करणारं वंगण, एरवी नियमित वापरायचं योनीसाठीचं मॉइश्चरायझर, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगितलं तर कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचंच. पाळी थांबून वर्ष झाल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी तपासून घ्यायचं, तिथे लाज नको.

"म्हणजे माझ्यातच काही खोट नव्हती," एवढं म्हणून त्या रडल्या.

पुढच्या भेटीत नवरा आला. त्याची अडचण वेगळीच निघाली: ताठरता टिकत नव्हती आणि तो परस्पर गोळी आणायच्या विचारात होता. मी थांबवलं. छातीदुखीसाठी नायट्रेट प्रकारचं औषध घेणाऱ्याचा रक्तदाब त्या गोळीने धोकादायक खाली जाऊ शकतो, आणि ताठरतेची तक्रार कधी मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली खूण असते. तपासणीत त्याची साखर वाढलेली निघाली.

"मुलीला काय सांगू?" बाईंनी विचारलं. खोलीतलं काहीच नको, पाळी गेल्यावर शरीराचं काय होतं तेवढं सांगा, म्हटलं. समोरासमोर जमेना, म्हणून त्यांनी मेसेज लिहिला. मुलीचं उत्तर आलं, "डॉक्टरांकडे कधी जायचंय? मी येते."