टाकीच्या तळाशी वाळू की खडे?

प्रश्न : दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच माशांची टाकी घेतली आहे. सहा कोरीडोरास (तळाशी खाणारे मिशाळ मासे) आणि दहा निऑन टेट्रा ठेवायचे आहेत. दुकानदाराने पॉवर फिल्टरसोबत (मोटरने पाणी ओढून गाळणारा) पाच किलो रंगीत खडे दिले आहेत. ते वापरू की वाळू टाकू? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : वाळूच टाका. तळाला काय घालायचं हे टाकीची शोभा पाहून नाही, तळाशी खाणारा मासा आणि फिल्टर पाहून ठरवायचं. कोरीडोरास वाळूत तोंड खुपसतो, तोंडात आलेली वाळू कल्ल्यांवाटे सोडून देतो आणि त्यातलं खाद्य टिपतो. खड्यांत त्याला हे जमत नाही. धारदार कडांनी मिशा दुखावतात आणि फटींत पडलेलं खाद्य कुजून त्या जखमा चिघळतात. स्वस्त रंगीत खड्यांचा तर काही महिन्यांत रंगच सुटायला लागतो.

दाणा अर्धा ते एक मिलिमीटरचा हवा. वॉटर ट्रीटमेंटचं सामान विकणाऱ्यांकडे फिल्टरसाठी चाळलेली सिलिका वाळू मिळते, ती उत्तम. नदीची वाळूही चाळून, धुऊन चालते. क्रश सँड मात्र नको. दगड फोडून केलेली असल्याने तिच्या कडा बोचतात आणि भुकटी कितीही धुतली तरी संपत नाही. पांढरीशुभ्र वाळूही टाळा. तिच्यावर मासे फिकट पडतात, निऑनचा रंग गडद तळावरच खुलतो.

तुमच्या टाकीचा तळ साधारण ६० बाय ३० सेंमी. तीन सेंमी थराला साडेपाच लिटर, म्हणजे आठ-नऊ किलो वाळू लागेल. धुण्यात थोडी जाते, म्हणून दहा किलो आणा. बादलीत एका वेळी दोन-तीन किलोच घ्या, नळाखाली हाताने ढवळा, गढूळ पाणी ओतून द्या. पाण्यातून बादलीचा तळ स्पष्ट दिसेपर्यंत हेच चालू ठेवा. साबण अजिबात नको. मोठे दगड ठेवायचे असतील तर आधी ते काचेवर बसवा, मग भोवती वाळू. वाळूवर ठेवलेला दगड माशांनी खालून उकरला की कलंडतो आणि काच जाते. पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर धार सोडा. फिल्टर सुरू करण्याआधी पाणी निवळू द्या आणि त्याचं तोंड वाळूपासून निदान सात सेंमी वर ठेवा. फिल्टरच्या पंख्यात वाळू शिरली की आधी घरघर ऐकू येते, मग दांडी झिजते.

प्रश्न : गावाहून, अलिबागजवळच्या किनाऱ्यावरून वाळू आणली तर? (पनवेल)

उत्तर : मीठ धुऊन जाईल, शिंपल्यांचा चुरा जाणार नाही. तो हळूहळू विरघळून पाण्याचा जडपणा आणि पीएच वाढवत राहतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर ते बहुधा आधीच जड असतं. कुठल्याही वाळूची परीक्षा सोपी आहे. चमचाभर कोरड्या वाळूवर संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचे चार-पाच थेंब टाका. हे मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करा आणि तो चमचाभर नमुना नंतर फेकून द्या. बुडबुडे आले तर त्या वाळूत चुना आहे. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या सिक्लिड माशांना मात्र असंच जड पाणी मानवतं. त्यांच्या टाकीत शिंपल्यांचा चुरा लोक मुद्दाम घालतात.

प्रश्न : झाडांसाठी चार इंच वाळू घातली. आता काचेलगत काळे डाग दिसतात, ढवळलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. (सातारा)

उत्तर : तो वास हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा. बारीक वाळूच्या जाड थरात प्राणवायू पोहोचत नाही, तिथे तो तयार होतो. सगळी वाळू एकदम उपसू नका. मासे बाजूला काढा, थर दर आठवड्याला थोडा-थोडा करून दोन इंचांवर आणा, आणि दर वेळी तिसरा हिस्सा पाणी बदला. नंतर आठवड्यातून एकदा बांबूच्या काडीने वाळू भोसकत जा. ॲमेझॉन सोर्ड, व्हॅलिस्नेरिया या झाडांना दोन इंच पुरतात. वाळूत पोषण नसतं, म्हणून मुळाशी रूट टॅब (खताची गोळी) खोचा. सायफन (घाण ओढून काढायची नळी) वाळूत घुसवू नका, दोन सेंमी वर धरून फिरवा. विष्ठा वरच पडलेली असते, ती ओढली जाते.

प्रश्न : गोल्डफिशच्या टाकीत अंडरग्रॅव्हल फिल्टर (खड्यांखाली जाळी बसवून त्यातून पाणी ओढणारा) आहे. वाळू चालेल? (नागपूर)

उत्तर : नाही. वाळू त्या जाळीच्या फटींतून खाली उतरते आणि फिल्टर तुंबतो. त्याला तीन ते पाच मिलिमीटरचे खडे लागतात, पण असे खडे गोल्डफिशच्या तोंडात अडकू शकतात. त्यापेक्षा जाळी काढून पॉवर किंवा स्पंज फिल्टर लावा आणि मग वाळू टाका. बदलताना जुने खडे एकदम फेकू नका, अमोनिया पचवणारे जिवाणू त्यांच्यावरच असतात. दोन-तीन किलो खडे टाकीच्याच पाण्यात हलके खळबळून कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरा आणि महिनाभर नव्या फिल्टरजवळ टांगून ठेवा. पहिले दोन आठवडे खाद्य निम्मं. अमोनियाची चाचणी एक दिवसाआड करा. काही दिसलंच तर त्याच दिवशी पाव टाकी पाणी बदला. नळाचं असेल तर आधी अँटिक्लोरिन (क्लोरिन घालवणारं औषध) घालून.