वाचकांचे प्रश्न : त्रिकोणी जाळी आणि षटकोनी ओरिगामी

प्रश्न : षटकोनी कागदावर ३२ भागांची त्रिकोणी जाळी (तीन दिशांच्या समांतर घड्या, प्रत्येक दिशेत ३२ ओळी) पाडते. दोन दिशांच्या घड्या जुळतात, तिसरीच्या रेषा मात्र छेदनबिंदू सोडून जातात. कुठे चुकतंय?

उत्तर : आधी षटकोन तपासा. २४ सेंमीचा चौरस घेऊन आडवी मध्यघडी घाला आणि उभ्या घड्यांनी चार सारखे पट्टे करा. डाव्या कडेचा मध्यबिंदू बोटाने दाबून धरा, वरचा डावा कोपरा पहिल्या उभ्या घडीवर आणा. टोक टेकेल तिथे ठिपका द्या. उरलेल्या तीन कोपऱ्यांचंही तसंच. हे चार ठिपके आणि मध्यघडीची दोन टोकं मिळून सहा कोपरे होतात. कटर लोखंडी पट्टीला टेकवूनच चालवा. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर सुमारे २०.८ सेंमी आलं पाहिजे, तेही तिन्ही जोड्यांत सारखं. ३२ भागांत एक ओळ जेमतेम साडेसहा मिलिमीटरची असते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूकही पुढे नडते.

दुसरं कारण म्हणजे घड्यांचा क्रम. एकच दिशा ३२ पर्यंत नेऊन मग दुसरी धरू नका. आधी कोपऱ्याला कोपरा जोडणाऱ्या तिन्ही घड्या घाला. मग तिन्ही दिशांत ४ भाग, मग तिन्ही दिशांत ८, असं चढत जा. प्रत्येक टप्प्याला चूक लगेच दिसते आणि तिथेच सुधारता येते.

आणखी एक फसगत होते. रेषेवर रेषा आणून मधली घडी घालताना छेदनबिंदू छेदनबिंदूवर येत नाही, समोरच्या दोन बिंदूंच्या बरोबर मध्ये येतो. ओढून बिंदूवर बिंदू बसवला की घडी तिरकी गेलीच.

प्रश्न : याच जाळीवर सहा पायांचा भुंगेरा स्वतः रचायचा आहे. सुरुवात कशी करू?

उत्तर : प्रत्येक पायासाठी जाळीवर एक षटकोन धरा, त्यातला कागद मिटून तो पाय होतो. पाय जितक्या ओळी लांब, तितकं षटकोनाच्या मध्यापासून बाजूपर्यंतचं अंतर. षटकोनाचा मध्य म्हणजे पायाचं टोक. तो कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला तर षटकोनाचा तिसरा हिस्साच खर्ची पडतो, कडेवर ठेवला तर अर्धा, आत ठेवला तर पूर्ण. म्हणून बारीक पाय कोपऱ्यांवरच ठेवावेत. तिथे थर सगळ्यांत कमी येतात. ३२ ओळींच्या कागदात सहा कोपऱ्यांवर ८ ओळींचे सहा पाय आणि मधोमध तेवढाच एक षटकोन बसतो. षटकोन एकमेकांवर चढता कामा नयेत. मध्ये उरणारे त्रिकोणही शेजारच्या अवयवाला जोडून टाका. तसेच सोडले तर चुण्या (कागद मिटवणाऱ्या समांतर घड्या) कुठे संपवायच्या ते ठरत नाही. चुण्यांच्या रेषा षटकोनाच्या बाजूंना काटकोनात काढायच्या. पहिला भुंगेरा १६ ओळींच्या जाळीवर, ४ ओळींच्या पायांचा करा.

प्रश्न : कागद कोणता घ्यावा?

उत्तर : ६० ते ७० जीएसएमचा (एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) खाकी क्राफ्ट पेपर. घोटीव पतंगी कागद पातळ असला तरी घडी उलटवताना छेदनबिंदूंवर फाटतो.