वहीतले दोन रकाने: मनाने दमा बरा होतो का?

"सर, मनानं सगळं बरं होतंय म्हणत्यात, मग ह्यो पंप कशापायी?" निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातून येणारं कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. पंपाच्या जागी कधी बीपीची गोळी असते, कधी थायरॉइडची. याच प्रश्नाचं जुळं भावंडही तितकंच ऐकू येतं: "डॉक्टर म्हणाले टेन्शनमुळं होतंय. म्हंजे मी काय सोंग करतोय व्हय?" एकाला औषध नकोसं झालंय, दुसऱ्याला अपमान वाटलाय. मात्र दोघांच्या डोक्यात समजूत एकच, की आजार मनाचा तरी असतो, नाहीतर शरीराचा तरी.

ही हकिकत त्या समजुतीची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि बऱ्याच बैठका थोडक्यात आणल्यात.

निपाणीजवळच्या खेड्यातल्या एक अक्का. वय बेचाळीस, त्यातली वीस वर्षं तंबाखूच्या वखारीत गेलेली. दम्यासाठी दोन पंप होते: धाप लागली की ओढायचा निळा, आणि नळ्यांची सूज उतरावी म्हणून रोज दोन वेळा घ्यायचा दुसरा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकदा कानडीत "टेन्शन माडकोब्याड्री" (टेन्शन घेऊ नका) असं सहज म्हटलं. अक्कांनी त्याचा अर्थ लावला की आजार मनाचा आहे. पुढे श्वासाचं सात दिवसांचं शिबिर झालं, लई हलकं वाटलं आणि तिसऱ्या दिवशी रोजचा पंप कपाटात गेला. पाच आठवडे मजेत गेले. सहाव्या आठवड्यात मध्यरात्री रिक्षानं दवाखाना गाठावा लागला.

डॉक्टरांनी पंप पुन्हा सुरू केला. मुलगा अक्कांना माझ्याकडे घेऊन आला तो "आईला जरा समजवा" म्हणत. अक्का मान खाली घालून एवढंच म्हणाल्या, "माझीच श्रद्धा कमी पडली, सर."

मन-शरीर उपचारांचा सगळ्यात महाग खर्च हाच आहे, आणि तो कुणी आधी सांगत नाही. मनाने बरं होतं असं एकदा मान्य केलं की बरं न होणं हा आपोआप मनाचा गुन्हा ठरतो. रोगी आधीच दमलेला असतो, त्यात आरोपीही होतो. समुपदेशनाच्या आमच्या विवेकनिष्ठ पद्धतीत माणसाची नाही, त्याच्या समजुतीची परीक्षा घेतात. म्हणून श्रद्धेवर एक शब्दही बोललो नाही. फक्त तारखा विचारल्या.

"पंप कधी सोडला?"
"शिबिराच्या तिसऱ्या दिवशी."
"आणि त्रास?"
"पाच आठवड्यांनी."
"मधले पाच आठवडे कशावर निघाले?"
"ध्यानावर."
"कणगीत आधीचं धान्य होतं का?"

त्या थांबल्या. रोजच्या पंपाचं काम असंच चालतं. त्यानं सूज हळूहळू उतरते, आणि तो सोडला की ती हळूहळूच परत चढते. घेतल्या घेतल्या काही जाणवत नाही, म्हणून तो बिनकामाचा वाटतो. सोडल्यावरही लगेच काही होत नाही, म्हणून ती समजूत पक्की होते. त्या अवधीत जे काही नवं केलेलं असेल, सगळं श्रेय त्याच्या पदरात पडतं.

पण हे सांगून पटत नसतं, दिसावं लागतं. त्यासाठी लागली एक वही आणि पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरानं बाहेर पडतो ते मोजणारी प्लास्टिकची नळी. वहीत दोन रकाने आखले. पहिल्यात 'किती धाप वाटते' ते शून्य ते दहा, आणि हे मीटर फुंकायच्या आधी लिहायचं. दुसऱ्यात मीटरचा आकडा. सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी, पंप घेण्याआधी. काटा शून्यावर आणायचा, उभं राहायचं, छाती पूर्ण भरून घ्यायची, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एकच जोरदार फुंकर मारायची. लांबलचक फुंकायचं नाही, तो शंख नव्हे. तीनदा करायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सरासरी नाही. थुंकल्यासारखा जिभेचा झटका देऊन फुंकर मारली की आकडा खोटा वाढतो, आणि जीभ नळीच्या तोंडाशी आडवी आली की खोटा घसरतो. पहिले चार दिवस याच चुका होतात, म्हणून ते आकडे धरायचे नाहीत.

अक्कांचा चांगल्या दिवसांतला सर्वोच्च आकडा ३४० निघाला. त्याच्या ८० टक्के म्हणजे साधारण २७०. त्याच्या वर असलं की ठीक. ५० टक्के म्हणजे १७०. त्याच्या खाली गेलं की डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिल्याप्रमाणे निळा पंप घ्यायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. मधल्या पट्ट्यात त्याच चिठ्ठीप्रमाणे औषध घेऊन डॉक्टरांना कळवायचं.

तिसऱ्या आठवड्यात अक्का आल्या त्या तक्रार घेऊनच. "सर, मशीन बिघडलंय." त्या दिवशी पहाटे ध्यान केलं होतं, छाती मोकळी वाटत होती. पहिल्या रकान्यात २. मीटरवर मात्र २००, २१०, २०५. मुलाला तिथंच फुंकायला लावलं. काटा सरळ ५२० वर गेला.

मशीन शाबूत होतं. आदल्या दिवशी काय केलं ते विचारलं, तर नणंदेच्या बदल्यात अर्धा दिवस वखारीत काम.

"म्हंजे मला बरं वाटतंय ते खोटं?"

"अजिबात नाही. बरं वाटतंय हे खरं, आणि नळी आवळलीय हेही खरं. आता हे पान बघा." चार दिवस आधीची रात्र होती. धाप ९, मीटर ३२०.

"त्या रातीला मरतो असं वाटलं, सर. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झालं."

"आणि नळी?"

त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. बराच वेळ काढलं नाही. मग हळूच म्हणाल्या, "ती तर उघडीच हुती की ओ."

त्या दिवशीच्या २१० साठी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं. बाकीचं पुढच्या बैठकीत झालं. पण एवढी वर्षं समजावून जे होत नाही, ते त्या दोन ओळींनी केलं. कुणी आक्षेप घ्यावा असं त्यात काही नव्हतं, कारण अक्षर त्यांचंच होतं.

हे एका वहीपुरतं नाही. २०११ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दम्याच्या रुग्णांवरचा एक प्रयोग आला. त्यांना आलटून पालटून चार गोष्टी दिल्या: खऱ्या औषधाचा पंप, बिनऔषधाचा पंप, खोटं अॅक्युपंक्चर आणि काहीच नाही. बरं किती वाटलं? अनुक्रमे ५०, ४५, ४६ आणि २१ टक्के. म्हणजे बिनऔषधाचा पंप खऱ्याच्या जवळपास पोचला. पण एका सेकंदात बाहेर पडणारी हवा मोजली तर खऱ्या औषधानं सुमारे २० टक्के वाढ झाली आणि बाकी तिन्हींत साधारण ७. मनाची ताकद आणि मनाची हद्द, दोन्ही एकाच तक्त्यात.

मग ध्यान सोडायचं? छे. धाप ९ आणि मीटर ३२० असलेली रात्र ध्यानाच्याच कामाची आहे. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर टाकला जातो, त्यातून मुंग्या आणि चक्कर येते, ती बघून माणूस आणखी घाबरतो. अशा वेळी मीटर ठीक दाखवत असेल तर नाकानं चार अंक मोजत श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, असं दहा मिनिटं. जोर श्वास सोडण्यावर, कारण श्वास सोडताना हृदयाची गती उतरते. चूक होते ती इथं, की लोक 'खोल श्वास' म्हणून छाती फुगवत राहतात आणि मुंग्या वाढवून घेतात. रोज शांत असताना सराव नसेल तर ऐन रात्री हे जमत नाही. आणि वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसायचं नाही. निळा पंप घ्यायचा आणि गाडी काढायची.

दुखणं, झोप, पोटाची कुरकुर, धडधड यांत मनाचा वाटा मोठा असतो, तिथं या पद्धती मनापासून सुचवतो. थायरॉइडचं संप्रेरक, क्षयाचे जंतू, मोडलेलं हाड यांना मात्र तुमचा विश्वास कळत नाही. औषध चालू असताना मन शांत ठेवणं तिथंही उपयोगी पडतं, पण औषधाच्या जागी नव्हे. आणि मात्रा कमी करायचीच असेल तर ती डॉक्टरांनी, आकडे बघून करायची.

शेवटच्या बैठकीत अक्कांनी विचारलं, सौंदत्तीच्या यात्रेला जाऊ का? जावा म्हटलं, पण भंडारा उधळतात तिथं नाका-तोंडावर ओला रुमाल धरायचा.

"आणि पंप?"

"तो कुठं ठेवायचा म्हणता?"

"नारळाच्या पिशवीत न्हाई," त्या म्हणाल्या, "ती जाऊबाईकडं असती. माझ्या कनवटीला."